कापूस कोंबलेल्या घंट्या

जेवायला बसताना कुणाचीही पाठ दाराकडे येता कामा नये, हा आमच्या बंगल्यातला पहिला नियम. तो मला कुणी शिकवला नव्हता. बंगला सुरू झाला त्या दिवशी मी हौसेनं समोरासमोर दोन रांगा मांडल्या, पाटांभोवती रांगोळीची बोटं ओढली आणि सगळ्यांना हाक मारली. माणसं आली, पाटांकडे बघितलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एक रांग बसायला तयार, दुसरीत कुणी बसेना. वरण निवत चाललं. शेवटी त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, "बाई, पाठीमागून कोनी आलं तं दिसत नाई." मी रांगोळी पुसली, तिन्ही भिंतींच्या कडेनं पाट मांडले, सगळ्यांची तोंडं दाराकडे केली. मग ती जेवली. पोटभर जेवली.

महायुद्ध संपल्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. आसपासच्या खेड्यांतली कितीतरी मुलं फौजेत गेली होती. काही परत आली नाहीत. काही हातापायांनी धड परत आली, पण रात्रंदिवस दचकत राहिली. कुणी बोलेना, कुणी घरातल्या माणसांना ओळख देईना, कुणी खाटेखाली शिरून बसे. अशांना घरचे आधी देवऋष्याकडे नेत आणि मग नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात सोडून येत. डॉक्टर सबनीस फौजेतून निवृत्त होऊन अकोल्याला राहत होते. त्यांचं म्हणणं असं की ही माणसं वेडी नाहीत, भेदरलेली आहेत, आणि त्यांना इस्पितळापेक्षा घराची गरज आहे. त्यांनी चार सधन माणसांना गाठलं, जऊळका स्टेशनाजवळच्या कापसातली सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या मॅनेजरचा रिकामा बंगला मिळवला आणि तो चालवायला मला बोलावलं.

मी वाशीमची. लग्नानंतर लवकरच वैधव्य आलं. वडील धीराचे, त्यांनी लोकांचं न ऐकता मला नागपूरला नर्सिंग शिकायला धाडलं. युद्धात मी फौजी इस्पितळात होते, डॉक्टरांच्याच हाताखाली. एवढे शिपाई एका बाईमाणसाच्या ताब्यात कसे राहतील, असं पुष्कळांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ताब्यात ठेवायचे नाहीतच." माझी नेमणूक झाली ती एवढ्या एका वाक्यावर.

लोक अजूनही विचारतात की तिथं औषध काय द्यायचात. औषधं फार नव्हती. झोपेचं एक होतं, पण त्याला असा उग्र वास की घेणाऱ्याच्या शेजारचाही जागा राही. बाकी सगळी भिस्त रोजच्या नेमावर. चहा, आंघोळ, काम, जेवण, पुन्हा काम, भजन, दिवा बारीक. पुढच्या घटकेला काय होईल याचा ज्याला भरवसा उरलेला नाही, त्याला दुपारचा चहा येतो म्हणजे येतोच, एवढं पटलं तरी माझं निम्मं काम होई. प्रत्येकाला बंगल्यातलं एक काम त्याचं स्वतःचं म्हणून दिलेलं होतं. ते दुसऱ्यानं करायचं नाही, राहिलं तर राहिलं. विहिरीवरचं पाणी ज्याच्याकडे होतं तो एकदा दोन दिवस उठलाच नाही. आम्ही सगळे पारोसे राहिलो. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून घागर घेऊन निघाला.

लक्ष्मण नावाचा एकजण जपान्यांच्या कैदेत होता. तो भाकरी चोरायचा. म्हणजे जेवताना अर्धी खाई, अर्धी सदऱ्यात लपवी आणि उशीखाली ठेवी. खोलीभर मुंग्या झाल्या. स्वयंपाकीणबाई वैतागल्या, म्हणाल्या, "ह्याच्या उशा झटकू का भाकरी थापू?" मी स्वयंपाकघराच्या दारात एक टोपली टांगली, तीत भाकरी ठेवल्या आणि सांगितलं की ही टोपली कधी रिकामी राहणार नाही, कुणीही केव्हाही घ्यावी. लक्ष्मण येता जाता टोपलीत डोकावू लागला. आठवडाभरानं तो फक्त डोकावे, घेईना. पुढं तो त्या टोपलीचा मालकच झाला. कुणी दोन भाकरी उचलल्या तर म्हणे, "एक खाय आधी, मंग दुसरी." उशीखालच्या मुंग्या गेल्या, पण सगळ्यांना लक्ष्मणाचा जाच सुरू झाला. तो मी आनंदानं सोसला.

गावातल्यांनी आमच्या घराला 'येड्याईचा बंगला' म्हणजे वेड्यांचा बंगला असं नाव ठेवलं होतं. बाजाराच्या दिवशी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत, कुंपणाशी उभी राहत, बोटं दाखवत. मी त्यांना हाकललं नाही. आत बोलावी, चटई घाली आणि समोर तुरीच्या शेंगांचं टोपलं ठेवी. "आलेच आहात तं सोला थोड्या." कुणी नाही म्हणायला धजत नसे. शेजारी बसून आमचीच माणसं शेंगा सोलत असायची. कोण वेडा आणि कोण बघायला आलेला, हे तासाभरानं सांगता आलं नसतं. शेंगा सोलाव्या लागतात म्हटल्यावर गर्दी आपोआप कमी झाली.

किसन आला तो दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी. रिठदचा. घरची शेती, बाप नाही, आई आणि एक धाकटी बहीण. ब्रह्मदेशात तो खेचरांच्या पलटणीत होता. म्हणजे जंगलात जिथं मोटार जात नाही तिथं खेचरांच्या पाठीवर दारूगोळा आणि शिधा न्यायचा. आई त्याला सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, हा मारत नाई, शिव्या देत नाई. फक्त बोलत नाई, अन् घरातलं भांडं वाजू देत नाई." रिठदला त्यानं घरातली घंटा, बहिणीच्या पायातल्या साखळ्या, बैलांच्या माळा, सगळं फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. बहिणीनं साखळ्या पुन्हा घातल्या तर तो घराबाहेर जाऊन बसे.

आमच्याकडे त्याला बागेचं काम दिलं. काम चोख करी. उंचापुरा माणूस, पण पाऊल असं टाकी की मागं येऊन उभा राहिला तरी कळू नये. सगळ्यांना दारामागची भीती होती, त्याला आवाजाची. लक्ष्मणाच्या हातून एकदा परात पडली तर किसन जमिनीला पालथा.

बंगल्याला लागून महादबाचा मळा होता. महादबा माळी, सत्तरीकडे झुकलेला, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. मुलगा अकोल्याच्या गिरणीत कामाला. घरी म्हातारा आणि सून सरू. दोघं मिळून वांगी, मेथी, मुळे, कांदे काढत आणि सरू ते जऊळक्याच्या आणि वाशीमच्या बाजारात विके. आमची भाजीही तिच्याचकडून. विहिरीवर मोट होती. मोट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चामड्याची मोठी पखाल दोरानं विहिरीत सोडतात. दोराचं दुसरं टोक बैलांच्या जूला. विहिरीपासून खाली उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून उतरले की पाण्यानं भरलेली मोट वर येऊन पाटात ओतते, बैल मागं वर सरकले की रिकामी मोट खाली जाते. असं दिवसभर. सरू बैल हाके आणि महादबा वाफ्यांत पाणी फिरवी. आंधळा माणूस पाण्यात पाय घालून उभा, वाफा भरला की फावड्यानं दुसऱ्याचं तोंड उघडून देई. या वाफ्यावरून त्या वाफ्याकडे जाताना त्याला धाव ओलांडावी लागे. रोज कितीदा तरी ओलांडे, काठी न टेकता.

पौषात गावात एक चमत्कारिक तक्रार सुरू झाली. जनावरांच्या घंट्या मुक्या होऊ लागल्या. चरायला गेलेली गाय संध्याकाळी घरी येई, गळ्यात घंटी असे, पण वाजत नसे. आत कुणीतरी काहीतरी कोंबलेलं. कुणी म्हणे चेष्टा आहे, कुणी म्हणे करणी आहे. पाटलांच्या गाडीच्या बैलांना सासुरवाडीकडून आलेली पितळी घुंगरमाळ होती. तिचं एकेक घुंगरू कोंबलेलं निघालं. पाटील तडक बंगल्यावर.

"सिस्टरबाई, तुमचे लोक आमच्या जनावराईवर करणी करून राह्यले."

"करणी कशावरून पाटील?"

त्यांनी मूठ उघडून पुढं केली. तिच्यात मळकट कापसाचा बोळा होता. बंद जिनाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत तसला जुना कापूस पडलेला होता. मला कळलं, आणि माझ्या तोंडावरून पाटलांनाही.

किसनला विचारलं. तो खाली बघत राहिला. मी त्याला समजावलं, जिनाचं दार कुलपात ठेवलं, आणि संध्याकाळी फिरायला निघाले की वाटेत भेटेल त्या जनावराच्या गळ्यात हात घालून कापूस काढू लागले. गावातल्या बाया हसत. एक म्हणाली, "बाई आता गाईची बी नाडी पाहतेत."

महादबाच्या बैलांपर्यंत मात्र मी पोचले नाही. एका सकाळी बैल चिंचेखाली उभे होते, सरू भाकरी आणायला झोपडीत गेली होती, तेवढ्यात किसननं कुंपणातून जाऊन आधीच दडवून ठेवलेल्या कापसानं त्यांच्या घंट्या भरल्या. सरू आली, घाईत होती, तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं बैल जुंपले. महादबा नेहमीसारखा वाफ्यातून निघाला. घंटी वाजत नाही म्हणजे बैल वर थांबलेत, असं समजून त्यानं धावेवर पाऊल टाकलं. बैल भरली मोट ओढत उतारावरून येत होते. सरू ओरडली, पण उतारावर भरल्या मोटेचे बैल थांबत नाहीत. डावीकडच्या बैलाचा खांदा लागून म्हातारा फेकला गेला.

मी ओसरीवर होते. पाहते तर किसन कुंपण ओलांडून पळत येतोय, पाठीवर महादबा. फौजेत घायाळ माणसाला उचलतात तसा एक हात पुढं ओढून धरलेला. माझ्यासमोर त्यानं त्याला अलगद खाटेवर ठेवलं आणि म्हणाला, "सिस्टर, मानूस पडला." तो आल्यापासून मी ऐकलेलं त्याचं ते पहिलं पुरं वाक्य. मग तो ओसरीच्या खांबामागं जाऊन बसला.

महादबाचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. बाकी खरचटलं होतं. मी पाठीमागून आठाच्या आकड्यासारखी पट्टी घट्ट बांधली, हात गळ्यात अडकवला, दूध पाजलं. सरूनं तोवर घंट्यांतला कापूस पाहिला होता. तिनं त्यातला चिमूटभर ओसरीवर आणून टाकला, बाकीचा घंट्यांत तसाच राहू दिला. तो कापूस तसाच पडून राहिला आणि दुपारपर्यंत गावच्या निम्म्या माणसांनी तो येऊन पाहिला.

पाटील आले तेव्हा त्यांच्या मागं माणसंही होती. ते काही दुष्ट नव्हते, पण आता त्यांच्या हाती खरं कारण होतं. म्हणाले, "बाई, आजवर आमी आयकलं. ह्याले नागपूरले धाडा, पागलखान्यात. नाई तं बंगला उठवा. उद्या मी कलेक्टर साहेबाकडे जातो."

मला पाटलांची भीती वाटली नाही. भीती वाटली ती खांबामागं बसलेल्याची. त्यानं सगळं ऐकलं होतं. नागपूरच्या त्या इस्पितळात गेलेला माणूस घरी येताना मी फारसा पाहिला नव्हता. मी म्हणाले, "पाटील, हाड महादबाचं मोडलं. आधी त्यांना विचारू."

महादबा खाटेवर पडल्या पडल्या ऐकतच होता. म्हणाला, "तो पोरगा कुठी आहे? त्याले माह्याजवळ आना."

किसनला मी हाताला धरून आणलं. महादबानं चांगला हात पुढं करून त्याचं मनगट चाचपलं आणि धरून ठेवलं.

"काहून गा बाबू, काहून भरला तू कापूस?"

पाटील काही बोलायला लागले तर म्हातारा म्हणाला, "थांबा जी पाटील. हा माहा मामला आहे." मग पुन्हा किसनला, "मी रागावलो नाई तुह्यावर. मले फक्त समजाले पाह्यजे."

बऱ्याच वेळानं किसन म्हणाला, "आवाज झाला का ते येतेत."

"कोन येतेत?"

मग तो बोलला. तुटक, मधे मधे थांबत. त्यांच्या खेचरांच्या नरड्यात डॉक्टरनं शस्त्र घालून आवाज बंद केला होता, शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून. खेचरं तोंड उघडत, पण ओरड निघत नसे. खोगिरांच्या कड्यांना चिंध्या बांधायचं काम किसनकडे. एकदा नाल्यातून जाताना एका कडीची चिंधी सुटली. "एवढीशी वाजली," तो म्हणाला. "एकदाच वाजली. मंग वरून बंदुका सुटल्या. खच्चरं बी गेले, आमचे मानसं बी गेले. मी खच्चराच्या खाली होतो म्हून राह्यलो."

पाटलांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं.

महादबा म्हणाला, "असं आहे तं." किसनचं मनगट त्यानं सोडलं नव्हतं. "आता माहं आयक. माहे डोये लहानपनीच देवीत गेले. मी आवाजावर चालतो. घंटी वाजली का मले बैल दिसते. वर हाय का खाली हाय, थकला का तहानला, सारं दिसते. तू घंटी बंद केली तं मले काईच दिसलं नाई, अन् मी बैलाच्या पायात गेलो. तिथं आवाजानं मानसं मेले असतीन. इथं मी आवाजानं जगून राह्यलो, बाबू."

किसननं खाटेच्या माचव्यावर कपाळ टेकलं. "मले माईत नव्हतं, बुवा."

"कसं माईत असन? तू तं आताच आला." म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड पाटलांच्या दिशेनं वळवलं. "पाटील, ह्याले नागपूरले धाडसान तं माहं ओलित कोन करन? पोरगा गिरनीत, सून एकटी. मले तं आता फावडं उचलत नाई. ह्यानं हाड मोडलं, हाच मोट हाकन."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हाकन." मला काही एक अधिकार नव्हता तसं म्हणायचा, डॉक्टरांना अजून कळवलंही नव्हतं. पाटील उठले, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "महादबाले चालते तं मी कोन?" माणसं पांगली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी गाडीनं आले. महादबाची पट्टी तपासली, ठीक म्हणाले. किसनचं ऐकून मात्र गंभीर झाले. "ज्या आवाजानं माणूस पालथा पडतो त्या आवाजात दिवसभर ठेवणार? बिथरला तर हातचा जाईल."

"बिथरला तर मी तिथं असेन."

ते पायऱ्या उतरायला लागले, पुन्हा वर आले. मग म्हणाले, "तिथं असा. पण रोज असा. एक दिवसही चुकवायचा नाही."

म्हणून मी ते दिवस मळ्यात काढले. पट्ट्या गुंडाळायचं काम बरोबर नेई आणि चिंचेखाली बसे. पहिल्या दिवशी महादबा गळ्यात हात अडकवून विहिरीच्या कडेला बाजेवर बसला आणि किसनला म्हणाला, "तूच भरला, तूच काढ." किसननं एका बैलाच्या घंटीतला कापूस काढला. दुसऱ्याजवळ गेला तर हात उचलेना. महादबा म्हणाला, "राहू दे. आज एकानंच भागवू." सरूनं बैल हाकले. घंटी वाजली तसा किसन खाली बसला, कान दाबले, अंग घामानं डबडबलं. मी उठले होते. महादबानं हातानंच मला थांबवलं. तो किसनच्या शेजारी सरकला आणि म्हणाला, "डोये मीट. मीट तं. आता सांग, बैल कुठी आहे?"

किसननं डोळे तेवढे मिटले.

"मी सांगतो. उतरून राह्यला. आता खाली गेला. आता वर सरकून राह्यला. आता तू सांग."

त्या दिवशी त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कधीतरी पुढं एकदा त्यानं डोळे मिटून, दात आवळून म्हटलं, "खाली."

"अन् आता?"

"वर."

"कोनता बैल, डावा का उजवा?"

किसन थांबला. ऐकू लागला. कानावरचे हात त्यानं केव्हा काढले, ते त्याला कळलं नाही, मला कळलं. मी मान खाली घालून पट्ट्याच गुंडाळत राहिले. अशा वेळी आपल्याकडे कुणी बघतंय हे माणसाला कळलं तर सगळं पुन्हा मिटून जातं, एवढं मी माझ्या कामात शिकले होते.

चांगले आणि वाईट दिवस आलटून पालटून येत राहिले. एकदा मालगाडीनं स्टेशनात जोराची शिटी दिली तर तो धावेवरच आडवा झाला आणि दोन दिवस मळ्यात गेला नाही. सरूनं त्या दोन दिवसांत बंगल्यावर येऊन नुसतं विचारलं, "आज येते का तो? बैल वाट पाहतेत." म्हाताऱ्याला पाडलं म्हणून तिनं त्याला एक शब्दही कधी ऐकवला नाही. भाकरी मात्र त्याला रोज स्वतःच्या हातानं वाढली. हळूहळू मोट त्याच्याकडे आली, दोन्ही बैलांच्या घंट्यांसकट. तो बैल हाके तेही मुक्यानं. हात लावून, पाठ थोपटून. खेचरांची सवय. पण काम होई. वांगी अशी लागली की गावच्या बायका मळ्यात येऊन पाहून गेल्या.

मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते, आणि मळ्यातून कुणीतरी असं जोरात ओरडलं की लक्ष्मणाच्या हातातलं पीठ सांडलं. आम्ही सगळे धावत कुंपणाशी गेलो. डावीकडच्या बैलानं जू सोडवून वांग्याच्या वाफ्यात तोंड घातलं होतं आणि किसन त्याच्या मागं धावत, त्या बैलाच्या आईचा आणि आजीचा उद्धार करत होता. आवाज घोगरा, न वापरलेला, पण शेजारच्या शिवारापर्यंत जाईल असा. सरू पोट धरून हसत होती. महादबा बाजेवरून म्हणत होता, "दे, आनखी दे, हरामखोराले."

डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "नेमकं काय म्हणाला?" मी म्हटलं, शिव्या. ते म्हणाले, "कोणत्या?" फौजी डॉक्टर, त्यांना सगळं नेमकं लागे. ओसरीवर उभं राहून त्या शिव्या मला त्यांना शब्दशः म्हणून दाखवाव्या लागल्या. ते मनापासून हसले. मी त्यांना एवढं हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

सगळेच किसनसारखे बाहेर आले असं सांगितलं तर ते खोटं होईल. गणपतराव हवालदार आमच्याकडे सर्वांत आधी आलेले. सभ्य, टापटिपीचे, मिशांना पीळ. त्यांच्या मते लढाई अजून संपलेली नव्हती. प्रत्येक गाडीला ते जऊळका स्टेशनात जाऊन उभे राहत, त्यांची पलटण उतरणार म्हणून. उतरत कोण, तर बाजारकरी. स्टेशनमास्तर भला माणूस, त्यांना बाक देई. मी सगळं करून पाहिलं. काम दिलं, घरची माणसं आणली, पुतण्या त्यांच्या पाया पडून रडला. त्यांनी त्याला रजा संपली का विचारलं. शेवटी त्यांनी अन्न सोडलं आणि त्यांना नागपूरला न्यावंच लागलं. गाडीत बसवलं तेव्हा त्यांनी मला कडक सलाम ठोकला. मी फौजी इस्पितळातली नर्स, तरी तो सलाम घेताना हात कुठं ठेवावा ते मला कळलं नाही. पुढं त्यांचं काही चांगलं झालं नाही. त्यांच्यासाठी आणखी काही करता आलं असतं का, हे मी अजून कधी कधी स्वयंपाक करता करता स्वतःला विचारते.

माणसं घरी जाऊ लागली तसा बंगला रिकामा होत गेला आणि पुढं बंदच झाला. घर रिकामं व्हावं म्हणून चालवायचं असं हे काम, त्यामुळं त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्याआधीच्या वैशाखात रिठदला किसनच्या बहिणीचं लग्न होतं. तो तोवर घरी जाऊन रमला होता. महादबाचं हाड जुळून आलं होतं, तरी पेरणी होईपर्यंत किसन त्याच्याकडेच राहिला होता आणि मगच गेला. लग्नाचं बोलावणं द्यायला तो स्वतः आला. महादबाला, सरूला आणि मला. मी वाशीमपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलांच्या दमणीत बसून गेले.

लग्नघर म्हणजे काय गोंधळ असतो ते सांगायला नको. दारापुढं डफडी, सनई, वर वऱ्हाड्यांनी आणलेला बँड. पोरं पिपाण्या वाजवतायत, बाया एकमेकींना हाका मारतायत, भांड्यांचा खणखणाट. अक्षता पडल्या आणि ताशावर काठी पडली तशी मी सवयीनं किसनला शोधू लागले. मांडवात नाही. घरात नाही. आई म्हणाली, "दोन दिस झाले, पाठ टेकली नाई त्यानं. इथंच तं होता." मी माळ्यावर पाहिलं, विहिरीकडे जाऊन आले.

तो मांडवाच्या मागं सापडला. बँडवाले जिथं उभे होते तिथून हाताच्या अंतरावर, गाडीच्या सावलीत, कडब्याच्या पेंढ्यांवर. तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. एका हातात पानाचा विडा तसाच. आमच्या बंगल्यात झाडाचं पान पडलं तरी ही माणसं उठून बसत. मी त्याच्याजवळ उभी राहिले. ताशा शेवटच्या लयीत आला, बँडवाल्यानं भोंगा आभाळाकडे केला, पोरांनी आरोळी ठोकली. किसननं कूस बदलली आणि घोरू लागला.

मागून त्याची आई आली, पदरानं घाम पुसत. "काय बाई हा! पंगत बसली, वाढाले मानूस नाई, अन् हा झोपला. उठवू काय याले?"

"नका उठवू," मी म्हणाले. "मी वाढते."

माझ्यासारख्या विधवेनं लग्नाच्या पंगतीत पुढं व्हावं की नाही, हा विचार मला सुचला तो तिनं बुंदीचं टोपलं माझ्या हातात दिल्यानंतर. तोवर ती दुसऱ्या रांगेकडे निघूनही गेली होती. मी पदर खोचला आणि वाढायला लागले.